छातीवरचा चढ

१२ नोव्हेंबर, मंगळवार

भाजी घेऊन वर येत होतो. मी पुढं, हे पिशव्या घेऊन मागं. दुसऱ्या मजल्यावर त्यांची पावलं थांबली. कठड्यावरून वाकून बघितलं. भाडेकरूंच्या चपलांच्या रॅकला टेकून उभे होते, मोबाईल डोळ्यांसमोर धरलेला.
"काय झालं?"
"काही नाही गं. ग्रुपवर काहीतरी आलंय."
मोबाईल बंद होता. वरून मला काळा पडदा दिसत होता.
परवाही तिथंच थांबले होते. तेव्हा म्हणे चपलेचा पट्टा निसटला.
तशीच वर आले. पण जेवताना घास तोंडात फिरत राहिला. मामंजी असेच गेले. शेताच्या बांधावर बसले, म्हणाले जरा कळ आली छातीत, आणि उठलेच नाहीत. हे आता त्यांच्यापेक्षा वयाने मोठे झालेत. माझ्या डोक्यात हे सारखं येतं. त्यांच्याही येत असणार. पण आमच्याकडे यावर बोलायची पद्धत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

प्राजूने जेवताना सांगितलं, शनिवारी अभिषेकचे आईवडील बार्शीहून येतायत. दोन दिवस राहतील. साखरपुड्याचं नक्की करून जातील. पोरीचा चेहरा बघून बरं वाटलं.
ह्यांनी लगेच ठरवून टाकलं. रविवारी सगळ्यांना वाघजाईला न्यायचं. माल्याच्या वरच्या डोंगरावर. ह्यांचं आजोळ माल्याचं, म्हणून तो डोंगर जसा काही यांच्याच मालकीचा. "वरून सगळं मुळशीचं पाणी दिसतं. बार्शीच्या माणसाने एवढं पाणी बघितलंय का कधी?"
मी म्हटलं, गाडीतून धरणाच्या रस्त्याने फिरवून आणू, ह्यांच्या मामेभावाकडे, सोपानकडे जेवू, येऊ परत.
"तू बस गाडीत. लहान लहान पोरं जातात तिथं."
प्राजूने मोबाईलवर बघून वाचून दाखवलं. एकाने लिहिलंय, सोपी चढाई, कुटुंबासह जरूर जा. दुसऱ्याने, वारा छान, फोटो छान. तिसऱ्याने लिहिलं होतं, वर पोचेपर्यंत जीव गेला. त्यावर हे हसले. म्हणाले, असेल कुणीतरी एसीत बसणारा.
मी चढलेय तो डोंगर. लग्नानंतर, तरणी असताना. देवीची ओटी भरायला. तेव्हाही मधल्या कातळाशी बसून रडायला आलं होतं. सोपी म्हणणारा माणूस कोण, त्याचं वय काय, छाती कशी, हे कुणी लिहीत नाही.
ह्यांना अडवायचं कसं. पाहुण्यांसमोर तर...

१६ नोव्हेंबर, शनिवार

आले पाहुणे. वसंतराव मोठ्या अंगाचे, आवाजही मोठा. हार्डवेअरचं दुकान, आता थोरला मुलगा बघतो. उद्यासाठी नवे पांढरे बूट घेऊन आलेत, ते बॉक्समधून काढून सगळ्यांना दाखवले. ह्यांचं आणि त्यांचं पहिल्या चहातच जमलं. जिना चढून आल्यावर वसंतराव बराच वेळ घाम पुसत बसले. मग म्हणाले, तुमच्याकडे दमट फार. नोव्हेंबरात.
विहीणबाई शांत. शैलजा नाव. स्वयंपाकघरात माझ्याबरोबर पुऱ्या लाटायला बसल्या. दिवाळीतल्या चकल्या उरल्या होत्या त्यावर बोललो, पोरांवर बोललो. मग एकदम हळू आवाजात, "चढ फार आहे का हो?"
"आहे," मी म्हटलं. "मधल्या कातळापर्यंत ठीक. पुढं छातीवरचा चढ आहे."
त्या लाटणं धरून थांबल्या. "ह्यांना रात्री उताणं झोपवत नाही हल्ली. कुणाला सांगू नको म्हणालेत."
मी जिन्याचं सांगितलं. चपलांच्या रॅकचं.
मग आम्ही दोघींनी ठरवलं. कातळाशी आपण बसायचं, पाय दुखतात म्हणायचं, डबा तिथंच उघडायचा. खाणं बघून पुरुष बसतील.
बाहेर दोघांचं चाललं होतं. वसंतराव शाळेत कबड्डी खेळायचे. हे पवना नदी पोहून जायचे. कबड्डी, नदी, कबड्डी, नदी.

१७ नोव्हेंबर, रविवार

वसंतराव आयसीयूत. आहेत. एवढंच.


१८ नोव्हेंबर, सोमवार

लिहून काढते. डोक्यात सारखं फिरतंय, कागदावर गेलं तर कमी होईल.
निघायलाच उशीर झाला. पोहे, मग चहा, मग फोटो. सोपानच्या घराशी गाड्या लावल्या तेव्हा ऊन चढलं होतं. सोपान म्हणजे ह्यांचा मामेभाऊ. शेती करतो, पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. वसंतरावांकडे एकदा बघितलं त्याने, मग ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, उनाचं नगं जाऊस. सांजच्याला जा, न्हाईतर ऱ्हाऊ दे. परवाच एका बाईला झोळीत घालून खाली आनलीया."
"अरे जाऊन येतो असं. सपाटच आहे की निम्मी वाट."
निम्मी आहे सपाट. भाताची कापलेली खाचरं, गवत, मजेत चालत गेलो. मग कारवीचं रान आणि दगडी पायऱ्या. त्या पायऱ्या कुणी आणि कुणाच्या पायांसाठी बांधल्यात देव जाणे. एक वीतभर, पुढची गुडघ्यापर्यंत. श्वासाला लय सापडत नाही. आणि पायऱ्या संपल्या की नुसता मुरूम. पाय टाकला की खाली सरकतो. एक पाऊल वर, अर्धं मागं.
पोरं पुढं निघून गेली. मी ह्यांची पाठ बघत चालले होते. थोडं चढले की थांबायचे आणि हात लांब करून दाखवायचे. "ते बघा वसंतराव, ते पाणी. त्याच्या खाली जुनी गावं आहेत." पुढं गेले, परत थांबले. "ते कौल दिसतं का, ते माझं आजोळ." वसंतराव वळून बघायचे आणि तेही तेवढ्यात दम खाऊन घ्यायचे. कुणी म्हणेना की दमलो. दोघंही देखावा बघत होते. मी ओठ बघत होते. ह्यांचे ओठ वांग्याच्या रंगाचे.
कातळाशी आम्ही दोघी बसलो. डबा उघडला. पुऱ्या, बटाटा. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, बसा की. पाय गेले आमचे."
वसंतराव बसायलाच आले होते. खरंच. हात कातळाला टेकवला होता. तेवढ्यात हे म्हणाले, "बायकांना बसू दे. आपण देवीला टेकून येऊ, इथंच तर आहे." आणि वसंतरावांनी हात उचलला.
विहीणबाई आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. वाऱ्याने कागदी प्लेट उडाली ती त्या उठून आणायला गेल्या.
मग वरून प्राजूची हाक. "आई! आई गं!"
कळलंच मला. हे. दुसरं कुणी नाहीच. मी त्या चढाला कशी भिडले मला आठवत नाही. हाताने गवत धरत, गुडघ्यांवर. कानात धडधड, तोंडाला रक्ताची चव. छाती फुटेल असं वाटत होतं आणि मनात एकीकडे सगळं स्वच्छ चाललं होतं. दिरांना फोन कोण करेल. खाली कसं आणायचं. मुलीचं लग्न. त्यांचा तो निळा शर्ट मी सकाळी इस्त्री केला होता.
वळणावरून वर बघितलं. निळा शर्ट उभा होता. उभा.
वसंतराव खडकाला टेकून पाय पसरून पडले होते. तोंड राखेसारखं. शर्ट पिळून काढावा इतका घाम. "काही नाही, पित्त झालंय," म्हणत होते.
आणि मला आनंद झाला. हे लिहिताना बोटं अडतायत. पण झाला.  माझ्या मागून विहीणबाई चार पायांवर चढत येत होत्या आणि मी त्यांच्या नवऱ्याकडे बघून मनात म्हणत होते, बरं झालं, हे नाहीत.
रेंज नव्हती. अभिषेक खाली पळत सुटला. एक ग्रुप वरून उतरत होता, स्पीकरवर गाणी लावून. त्यांनी गाणं बंद केलं, पाणी दिलं. एका मुलीने वसंतरावांच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. सोपान गावातली माणसं घेऊन आला, बांबू आणि घोंगडी. झोळी बांधली. हे बांबूला खांदा द्यायला पुढं झाले. सोपानने ढकललं त्यांना, सरळ ढकललंच. "सोड दादा तू. तोंड बघ तुझं कसलं झालंय. तुला कोन उचलंल मग?"
ऐकलं मी ते.
उतरणं चढण्यापेक्षा वाईट. झोळीवाल्यांचे पाय मुरुमावरून सुटायचे, सगळे एकदम ओरडायचे. वसंतरावांचा एक हात झोळीबाहेर लोंबत होता. विहीणबाई एका हाताने तो धरून आणि दुसऱ्या हातात त्यांचे पांढरे बूट घेऊन उतरत होत्या. एकदाही रडल्या नाहीत. खाली सोपानची पिकअप. पौडात डॉक्टरांनी जिभेखाली गोळी ठेवली, तिथून ॲम्ब्युलन्स.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

स्टेंट बसला. वेळेत आणलंत म्हणाले डॉक्टर. विहीणबाई बाहेरच्या खुर्चीत बसून. ह्यांनी जाऊन नमस्कार केला तर त्यांनी मान दुसरीकडे केली. हे तसेच उभे. मग कोपऱ्यात जाऊन उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.
अभिषेक प्राजूशी हो-नाहीपुरतं बोलतोय. घरी आल्यावर ती फुटली. "सोपं आहे म्हणाले ना बाबा! सपाट आहे म्हणाले!" हे ऐकत होते. उठून गच्चीवर गेले.
गच्चीवर. म्हणजे अजून एक जिना. मी खाली उभी राहून कानोसा घेत राहिले.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

मीच बोलले शेवटी. म्हटलं, आपणही दाखवून येऊ एकदा.
"मला काय धाड भरलीय?"
सोपानचं वाक्य म्हणून दाखवलं. म्हणाले, सोपानला काय कळतंय. मग जिन्याचं काढलं. चपलेचा पट्टा, मोबाईलचा काळा पडदा.
"पाळत ठेवतेस होय माझ्यावर?"
हो म्हटलं. ठेवते.
ताट सरकवून उठले.  संध्याकाळी मुद्दाम खाली जाऊन आले, दूध घेऊन. न थांबता चढले, एका दमात, मला ऐकू जावं म्हणून पाय आपटत. दारात आले तेव्हा शिटीसारखा आवाज येत होता श्वासातून. दूध माझ्या हातात दिलं, डोळ्यांत बघून. बघ, असं.
त्या न थांबण्याची जास्त भीती वाटली.

२४ नोव्हेंबर, रविवार

वसंतरावांना घरी सोडलं. बार्शीला इतक्यात जायचं नाही म्हणून अभिषेकच्या मारुंजीच्या फ्लॅटवर आहेत. बघायला गेलो. वाटेत टेंपो आणि बाइकवाल्यांत गाडी हलेना. हे स्टीअरिंगवर बोटं वाजवत. कपाळावर घाम, एसी चालू असताना. मी त्यांच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होते.
वसंतराव निम्मे झालेत. आवाजही. पण ह्यांना बघून हसले. "रमेशराव, तुमची वाघजाई काही भेटली नाही बघा."  हे पलंगाच्या कडेला बसले आणि त्यांच्या पायावर हात ठेवला नुसता.
विहीणबाईंमागे मी स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलेलं. म्हणाल्या, "तुमच्यावर राग नाही माझा. खरंच नाही. पण त्यांचं तोंड बघवत नाही मला."
"सपाट आहे म्हणाले ते. चुकलंच त्यांचं."
"ते नाही हो." चमच्याने साखर मोजत होत्या, परत डब्यात टाकत होत्या. "सारखं मनात येतं. दोघं बरोबर चढत होते. मग ते का नाही पडले?"
  माझं त्या दिवशीचं 'बरं झालं' ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. सांगून काय, त्यांच्यावर आणखी एक ओझं. कप विसळले, तेवढंच.
निघताना त्यांनी माझा हात धरला. "दाखवा त्यांना. भांडा, पण दाखवा."

२८ नोव्हेंबर, गुरुवार

बाथरूममध्ये वेळ लागला की दार वाजवते. झोपेत कूस बदलली की माझे डोळे उघडतात. श्वास मोजत नाही, पण ऐकते. मला भूक नाही. प्राजू म्हणते, आई तू पण एकदा बीपी बघ.
हे हल्ली हळू बोलतात. रागाने नाही. कुठंतरी बघत असतात. सकाळी विचारलं, काय बघताय? "काही नाही. डोंगर." बाल्कनीतून समोर बिल्डिंगी आहेत. डोंगर कुठं दिसतोय.

१ डिसेंबर, रविवार

सकाळी म्हणाले, गाडीत हवा भरून येतो. चहा घेऊन गेले. तास झाला, मग आणखी. फोन लागेना. पंपावर प्राजू स्कूटरवर जाऊन आली. नाहीत.
का कुणास ठाऊक, सोपानला लावला. "दादाची गाडी घराम्होरं लागलीया की वैनी, निगताना बगितली. मला वाटलं तुमी बी आलाय. मी पौडात हाय बाजारला."
हौसाला फोन लावला तर ती, सोपानची बायको, म्हणाली, "वर गेल्यात. मी म्हनलं येकलं कुटं? तर म्हनले, आलोच."

प्राजूच्या मागं बसून गेले. नांदे, लवळे, पिरंगुट, रस्ता संपेना. रविवारची गर्दी, सगळे फिरायला निघालेले, सगळ्यांना हसू येत होतं. मी प्राजूच्या जर्किनला धरून नुसतं देवाला एकच म्हणत होते, बसलेले असू देत. पडलेले नकोत. बसलेले.
हौसा पदर खोचून तयारच होती. प्राजूला खाली ठेवलं, रेंज आहे तिथं, गाडीसाठी. हौसा म्हणाली, "मी म्होरं पळते. तुमी सावकास या वैनी, तुमी पडला तर आनिक घोटाळा."
सावकाश काय. पण शरीर ऐकत नाही. ज्यांना वाटतं ना की मन घट्ट केलं की माणूस चढतो, त्यांनी या वयात चढून बघावं. मांडीत गोळे. गुडघा दर पायरीला आतून कटकट करतो. तोंड कोरडं, जीभ टाळूला. पायरी पुरी चढून दोन्ही पाय एकत्र आणायचे, मग पुढची. हृदय गळ्यात येऊन बसतं आणि कानात त्याशिवाय काही ऐकू येत नाही. उतरणारी पोरं म्हणत होती, "झालंच काकू, आलंच आता." पाच मिनिटांनी दुसरी पोरं, "झालंच." कुणीतरी विचारलं, वर चहा मिळतो का. एका बाईने माझ्याकडे बघून नवऱ्याला म्हटलं, बघा, या चढतायत. मी तिला सांगणार होते, माझं बघू नको बाई, त्याच्याकडे बघ, त्याचे ओठ बघ. दम नव्हता बोलायला.
कातळाशी पोचले. तिथून वर बघवेना. डोळे मिटून उभी राहिले. आणि वरून हौसाचा आवाज. "हायेत वैनी! हायेत! बसल्यात!"
वसंतराव पडले होते त्याच खडकाला टेकून हे बसले होते. घामेजलेले, पण डोळे शांत. मला बघून उठायला लागले. हौसा ओरडली, "बसा गप!"
मी शेजारी कोसळलेच. मारावं की धरावं कळेना. दंडाला चिमटा काढला, जोरात. लहान मुलाला काढतात तसा.
म्हणाले, "बघायचं होतं मला. कुठपर्यंत जातं ते."
"काय?"
"ते." छातीवर हात ठेवला, मग डाव्या खांद्यावरून कोपरापर्यंत नेला. "गणपतीपासून आहे. चढलं की येतं, बसलं की जातं. त्या दिवशी पण येत होतं. पायऱ्यांपासून. वसंतराव थांबले की मी थांबेन म्हणून चालत होतो. ते थांबेचनात. आता ते म्हणाले परवा, तुम्ही थांबाल म्हणून मी चालत होतो."
हौसाने तोंडाला पदर लावला. खाली मुळशीचं पाणी पसरलेलं, उन्हात चकचकत. कुणी बघत नव्हतं तिकडे.
"आण्णा बांधावर बसले होते ना," म्हणाले, "तेव्हा मी बैल सोडत होतो. मला हाक मारली असेल का गं त्यांनी? मला ऐकू आली नाही."
मामंजींबद्दल हे पहिल्यांदा बोलले.  म्हटलं, उद्या जायचं डॉ.कडे. "जाऊ," म्हणाले. भांडले नाहीत. 
उतरताना एका बाजूला हौसा, एका बाजूला मी. मुरुमाच्या उतारावर ते खाली बसून, हात टेकत, घसरत उतरले. पोरं बघत होती. बघू देत. दर थोड्या वेळाने मी विचारत होते, "आहे का?" ते म्हणत, "नाही." एकदा म्हणाले, "आहे." तेव्हा तिघंही बसलो, जाईपर्यंत.

३ डिसेंबर, मंगळवार

काल डॉक्टरांना दाखवलं, आज पट्ट्यावर चालायची टेस्ट. छातीला वायरी लावतात आणि पट्टा पुढून उचलत नेतात. म्हणजे इथंही चढच. मी काचेतून बघत होते. हे उघड्या अंगाने, वायरी लोंबत, दांडी घट्ट धरून चालत होते. पाठ किती बारीक झालीय. थोडं उचललं, अजून थोडं, आणि डॉ.नी एकदम हात वर केला. थांबवलं. नर्स खुर्ची घेऊन धावली.
वसंतरावांसाठी मशीन नव्हतं. डोंगर होता.
डॉ. म्हणाल्या, अँजिओग्राफी लवकर करून घ्या. जिने चढू नका. विचारलं कोणत्या मजल्यावर राहता. तिसऱ्या म्हटल्यावर पेन खाली ठेवलं त्यांनी.
तळमजल्यावरच्या भाडेकरू पोरांनी त्यांची एक खोली रिकामी करून दिली. मागितली नव्हती. गाद्या उचलून स्वतः पलीकडच्या खोलीत गेली. आम्ही दोघं आता खाली. स्वयंपाक वर, झोपणं खाली. दिवसभर मीच जिना चढते-उतरते. बरं आहे. पाय दुखले की डोकं थांबतं.

६ डिसेंबर, शुक्रवार

आता म्हणतायत अँजिओग्राफी साखरपुड्यानंतर करू. पोरीचं एकदा होऊ दे. मी नाही म्हटलं. प्राजू नाही म्हणाली, रडली, अभिषेक समजवायला आला. त्याच्याशीही चिडचिड. "आत गेलो आणि नाही आलो बाहेर तर? मग साखरपुडा कोण करणार?"
असं मोठ्याने म्हणाले.  हे मी रोज मनात म्हणतेय, पण त्यांच्या तोंडून...
वसंतरावांचा फोन आला संध्याकाळी. स्पीकरवर टाकला. "रमेशराव, साखरपुडा कुठं पळून जातोय? पोरांची बोटं अंगठी घालायला आहेतच की जागेवर. तुम्ही आत जा, मी बाहेर बसतो." मग मागून विहीणबाईंचा आवाज, "मी पण बसते म्हणावं." त्या दिवसानंतर ह्यांच्याशी त्या पहिल्यांदाच बोलल्या.
सोमवार ठरला.

९ डिसेंबर, सोमवार

हॉस्पिटलात बसून लिहितेय. पाठीमागच्या खिडकीतून ऊन येतंय मानेवर.
सकाळी ह्यांना आत नेलं. स्ट्रेचरवर झोपून जाताना छताकडे बघत होते. चष्मा माझ्याकडे दिला, घड्याळ दिलं. मी काहीतरी चांगलं बोलणार होते, निघालं ते, "नाश्ता केला नाहीत ना काही?" "नाही." दार बंद.
अभिषेकने आईवडलांना आणलंय. वसंतराव माझ्या शेजारी बसून हळू आवाजात सांगत होते. मनगटात बारीक सुई घालतात, आत गरम झाल्यासारखं वाटतं, दुखत नाही. दुखत नाही, असं परत परत सांगत होते. विहीणबाईंनी उपमा आणलाय डब्यातून, सगळ्यांना दिला. मला भरवायला लागल्या चमच्याने. दोन घास खाल्ले.
डॉ. बाहेर आल्या. मास्क खाली केला. तीन नळ्यांत ब्लॉक आहे म्हणाल्या. एक अगदी मुखाशी. स्टेंटने भागेल का बायपास करावी लागेल, मोठे सर्जन बघतील, मग ठरवू. आज दुपारपर्यंत येतील. तोवर आत जाऊन बसा त्यांच्याजवळ, हलू देऊ नका.
प्राजू विचारायला लागली, बायपास म्हणजे किती धोका. डॉ. म्हणाल्या, सर्जन सांगतील.
मी आत गेले. हे पडद्याआड झोपलेले, मनगटाला पट्टी, हिरवा झगा. चष्म्याशिवाय वेगळेच दिसतात, तरणे.
"काय म्हणाली?"
"सर्जन येऊन बघणारेत."
"म्हणजे आहे."
"आहे."
 शेजारच्या मशीनवर हिरवी रेघ डोंगर काढत चालली होती, एकसारखे, बारके.
"घाबरलीस?"
"हो."
"मी पण."
एवढी वर्षं झाली लग्नाला. हे दोन शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. हात धरला, सुई नसलेला. गार होता. चोळत बसले.
मग नर्सने मला बाहेर पाठवलं, काहीतरी तपासायचंय म्हणून. वसंतराव खुर्चीतच डुलक्या घेतायत. विहीणबाई माझी शाल घडी करतायत, परत उघडतायत, परत घडी करतायत. प्राजू आणि अभिषेक दाराशी.
लिफ्ट उघडली की सगळे मान वर करतो. आत्ता एक उंच माणूस उतरला, हातात फाइल होती. तो लॅबवाला निघाला.
सर्जन अजून आलेले नाहीत.